मोडी लिप्यंतराच्या नावाखाली गेलेले 18,500 रुपये

वास्तुकलेच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी पुण्यातील पेशवेकालीन वाड्यांच्या बांधकामखर्चाचा विषय घेतला आणि त्याची मूळ साधने मोडी लिपीत असल्याने एका ‘संशोधन सहाय्यका’ला 18,500 रुपये दिले: आगाऊ 6,000, लिप्यंतर हाती आल्यावर 8,000 आणि मजकूरसाम्याच्या (मजकूर कोठून उचललेला नाही ना, हे तपासणाऱ्या) अहवालासाठी 4,500. मुदत जवळ आली की ही माणसे विद्यार्थ्यांना कशी गाठतात हे मलाही ठाऊक होते. पण मला मोडी येत नाही, सादरीकरणाला सात आठवडे उरले होते आणि मार्गदर्शकांनी “प्राथमिक साधने हवीतच” एवढे सांगून विषय संपवला होता.

मी जेथे थांबायला हवे होते, ती जागा आजही डोळ्यांपुढून हलत नाही. त्याने पाठवलेल्या 14 कागदांपैकी तिसऱ्यात चौकाची लांबी-रुंदी फुटांत होती. गज आणि तसू यांत मोजणाऱ्या कारकुनाच्या हिशेबात फूट येईलच कसा? त्या काळच्या कागदांवर शुहूर सन या तेव्हाच्या कालगणनेचे अरबी आकडे अक्षरांत लिहिलेले असतात, हे मी स्वतः दुसऱ्या प्रकरणात नोंदवले होते. येथे मात्र थेट इसवी सन 1774 होता. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी त्याने रूपांतर केले असावे, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्याच संध्याकाळी 8,000 रुपये पाठवले. मूळ पानाचे छायाचित्र मी मागितलेच नाही. छायाचित्र आणि रुमाल (दफ्तरखान्यातील कागदांचे कापडी गाठोडे) क्रमांक यांच्याशिवाय लिप्यंतराचा एक रुपयाही देऊ नका.

बहिःस्थ परीक्षकांनी रुमाल विचारले. दफ्तरखान्यात शोध घेतल्यावर 11 संदर्भांचे रुमालच सापडले नाहीत आणि उरलेल्या तीन रुमालांत भलतेच कागद निघाले. साम्य 6 टक्के असल्याच्या अहवालावर मी विसंबलो होतो, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. पण रचलेला मजकूर कोठून उचललेलाच नसतो, तेव्हा साम्य कमीच येणार. तो अहवाल साधन खरे असल्याचा पुरावा नव्हे.

पोलीस ठाण्यात “पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत” असे सांगून अर्ज ठेवून घेतला, पोच मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. बँकेने व्यवहार माझ्या संमतीचा ठरवला. महाविद्यालयाने माझ्याकडून चार पानी खुलासा घेतला, प्रबंध परत पाठवला, परंतु विद्यार्थ्यांच्या गटात उघडपणे जाहिरात करणाऱ्या त्या माणसाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. मोडी वाचणारा एक जाणकार नेमा, ही माझी लेखी विनंतीही अनुत्तरित आहे. फसलेल्याची चौकशी करायला सगळ्यांना वेळ असतो, फसवणाऱ्याची करायला कोणालाच नसतो. पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस घालवले.

तक्रारीला चार महिने झाले. तोच क्रमांक आता वेगळ्या नावाने त्याच गटात आहे आणि नवी तुकडी या महिन्यात प्रबंधाचे विषय निवडत आहे.