जड क्लच हलका करताना : जुन्या स्कूटरवरचा काही महिन्यांचा अनुभव

डाव्या मुठीत गिअर असलेल्या स्कूटरचा क्लच जड झाला की त्रास दुप्पट होतो, कारण लिव्हर दाबून धरूनच मनगट फिरवायचं असतं. 1946 च्या पहिल्या व्हेस्पापासून चालत आलेली ही रचना मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच ती बोटांना झेपेल अशी करायची होती. लिव्हरच्या पिनची साफसफाई, आतून अस्तर असलेली केबल आणि इंजिनाकडचा लांब क्लच आर्म (केबलने ओढला की क्लच सोडवणारा दांडा) असे तीन उपाय एकामागून एक केले. रोजच्या गर्दीत काही महिने चालवल्यावर माझं मत पक्कं झालंय: आधी घर्षणाकडे बघा, स्प्रिंगकडे नंतर.

सगळ्यात मोठा फरक केबलने पडला. त्यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. केबल हँडलमधून फ्रेममध्ये आणि तिथून इंजिनाकडे वळत जाते. या वळणांची बेरीज महत्त्वाची. समजा, सगळी वळणं मिळून 180 अंश झाली आणि तार व आउटर (तारेवरची बाहेरची नळी) यांच्यातला घर्षणांक 0.15 असला, तर इंजिनाकडे जेवढी ओढ लागते त्याच्या सुमारे 60 टक्के जास्त ओढ वरच्या टोकाला द्यावी लागते. अस्तरामुळे घर्षणांक 0.05 वर आला, तर हाच जादा भार 17 टक्क्यांच्या आसपास राहतो. क्लच प्लेटला हातही न लावता! म्हणून नवी केबल घालताना तिचा मार्ग नीट पाहा. उगाच घेतलेला एखादा वळसा, वायरिंगखाली दबलेला आउटर, हँडल पूर्ण वळवल्यावर बसणारा ताण, हे सगळं शेवटी बोटांना जाणवतं. अस्तराच्या केबलमध्ये मी ग्रीस भरलेलं नाही. जाड ग्रीसमध्ये धूळ अडकते आणि केबल पुन्हा जड होते. पावसात भिजूनही ती अजून पहिल्यासारखीच सरकते.

इंजिनाकडून सोडलेली केबल हाताने सहज सरकली म्हणजे ती चांगली, असं मात्र समजू नका. घर्षण ताणाबरोबर वाढतं. रिकाम्या केबलमध्ये ते लपून राहतं. लिव्हरच्या बाबतीत ही चाचणी जास्त कामाची आहे: केबल काढल्यावरही लिव्हर अडखळत असेल, तर पिन, भोक किंवा वॉशर यांत दोष आहे. पिन काढून गंज आणि जुनं वाळलेलं ग्रीस पुसलं, नवं ग्रीस लावलं, एवढंच. इंजिनाकडच्या आर्मचा शाफ्टही बहुतेक वेळा कोरडा पडलेला असतो, तोही बघून घ्या.

लांब आर्मबद्दल माझं मत संमिश्र आहे. आर्म 15 टक्के लांब केला तर जोर सुमारे 13 टक्के कमी लागतो, पण केबल 15 टक्के जास्त ओढावी लागते. लिव्हरची चाल तर तेवढीच असते. मग क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही. माझ्या गाडीवर केबलचा ढिलेपणा अगदी बारकाईने जुळवला तेव्हाच हे थांबलं. लिव्हरच्या मुळाशी दोनेक मिलिमीटर प्ले, म्हणजे मोकळी चाल, ठेवतो. त्याहून वाढला की गिअर कुरकुरतात, आणि तो संपवून टाकला तर क्लच सतत किंचित दाबलेला राहून प्लेट घसरतात. एरवी चालून जाणारा थोडा फरक लांब आर्मवर चालत नाही, त्यामुळे वरचेवर बघावं लागतं. ज्यांना ही देखभाल नकोशी वाटते, त्यांनी मूळ आर्मच ठेवावा.

मऊ स्प्रिंग टाकायचा सल्लाही मिळाला होता, तो मी घेतला नाही. प्लेट एकमेकींवर दाबून धरणं हे स्प्रिंगचंच काम. तो दाब कमी केला की चढावर, मागे माणूस बसलेला असताना इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. घसरून तापलेल्या प्लेट बदलायचा खर्च केबलपेक्षा कितीतरी जास्त.

आता दोन बोटांनी क्लच दाबता येतो आणि गर्दीतून घरी आल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखत नाही. केबलच्या लिव्हरकडच्या टोकाला निप्पलजवळची (तारेच्या शेवटी असलेल्या धातूच्या गुंडीजवळची) तार मात्र मी अधूनमधून बॅटरी लावून बघतो. निप्पल आपल्या खाचेत फिरत नसेल तर तार तिथेच वाकते आणि एकेक धागा तुटायला लागतो. खाचेत ग्रीसचा एक थेंब पुरतो. धागे सुटलेले दिसले की मात्र केबल लगेच बदला.