सोळा पाठ प्रेपोझिशनचे, एक अपॉस्ट्रॉफीचा

रेमंड मर्फी यांचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक प्रथम १९८५ साली निघाले; माझ्याकडे त्याची २०१९ ची पाचवी आवृत्ती आहे. मराठी माध्यमात शिकून कचेरीत दिवसभर इंग्रजी पत्रांचे मसुदे करणाऱ्या माझ्यासारख्याचा हात प्रेपोझिशन (इन, ऑन, ॲट यांसारखे शब्द) आणि अपॉस्ट्रॉफी (अक्षरांच्या वरच्या बाजूला येणारे स्वल्पविरामासारखे चिन्ह) या दोनच ठिकाणी अडखळतो, म्हणून पुस्तक मी मुख्यतः त्यांच्यासाठीच वापरले.

प्रेपोझिशनला १२१ ते १३६ असे तब्बल सोळा पाठ दिले आहेत. प्रत्येक पाठ समोरासमोरच्या दोन पानांत संपतो, डावीकडे नियम आणि उजवीकडे स्वाध्याय. पहिलाच पाठ सोडवताना माझ्या चुकीचे मूळ सापडले. सोमवारी, सकाळी, रात्री या तिन्ही शब्दांत मराठीला सप्तमीचा एकच ‘ई’ पुरतो. इंग्रजीत मात्र सोमवारला ‘ऑन’, सकाळला ‘इन’ आणि रात्रीला ‘ॲट’ लागते, आणि ‘नेक्स्ट मंडे’ म्हटले की काहीच लागत नाही. ही तुलना अर्थातच पुस्तकात नाही, ती आपली आपण करायची. कधी ती फार सोपी निघते: ‘ऑन टाइम’ म्हणजे वेळेवर आणि ‘इन टाइम’ म्हणजे वेळेत, हा भेद आपल्याकडे तयारच आहे. कधी मात्र मराठीच पाय ओढते. ‘विषयावर चर्चा’ डोक्यात असल्यामुळे ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लिहिण्याची माझी सवय जुनी होती. तिथे प्रेपोझिशन नको, हे स्वाध्यायात चारदा खोडल्यावरच हाताला वळण लागले.

अपॉस्ट्रॉफीच्या बाबतीत पुस्तक हात आखडता घेते. मालकी दाखवणारा पाठ एकच, ८१ वा. माणसांसाठी बहुधा अपॉस्ट्रॉफी, वस्तूंसाठी बहुधा ‘ऑफ’, हे त्यात नेमके सांगितले आहे. आपल्याला ‘बहिणीचे नाव’ आणि ‘पुस्तकाचे नाव’ यांत षष्ठीचा एकच प्रत्यय दिसतो, म्हणून हा पाठ सावकाश वाचावा. एका बहिणीची खोली आणि दोन बहिणींची खोली यांतला फरक मराठीत एक अनुस्वार दाखवतो, तर इंग्रजीत ‘एस’च्या आधी की नंतर, ही त्या चिन्हाची जागा दाखवते; उच्चार दोन्हींचा सारखाच. हे उत्तम आहे, पण सराव तोकडा पडतो. ‘इट इज’चे ‘इट्स’ अशी संक्षिप्त रूपे तर परिशिष्टात गेली आहेत. ‘इट्स’ची अपॉस्ट्रॉफी असलेले आणि नसलेले (म्हणजे ‘त्याचे’) ही दोन रूपे कानाला एकच लागत असल्यामुळे मी एकदा वरिष्ठांच्या सहीच्या पत्रात चुकीचे रूप पाठवले होते. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य उभे राहते का ते पाहावे, आणि राहिले तरच अपॉस्ट्रॉफी द्यावी, ही युक्ती मी तेव्हापासून पाळतो.

भाषा ब्रिटिश वळणाची आहे. अमेरिकन ग्राहकांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी सातवे परिशिष्ट आधी पाहावे; ‘ॲट द वीकेंड’ तिकडे ‘ऑन’ होते. सगळे स्पष्टीकरण इंग्रजीतच असल्यामुळे शाळकरी मुलांना याच लेखकाचे लाल मुखपृष्ठाचे प्राथमिक पुस्तक बरे पडेल. उत्तरांशिवायची आवृत्तीही बाजारात मिळते. घरी एकट्याने अभ्यास करायचा असेल तर मुखपृष्ठावर ‘विथ आन्सर्स’ छापले आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत.