बॅडलँड्स की थिओडोर रूझवेल्ट?

दोन्ही उद्याने अमेरिकेतली, दोघांनाही राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७८ सालीच मिळाला. तरी माती वेगळी, मिजास वेगळी.

साउथ डकोटातले बॅडलँड्स हे उघडेबोडके. गवताळ माळ चालता चालता अचानक तुटतो आणि समोर पट्ट्यापट्ट्यांचे सुळके उभे राहतात. बोटाने दाबली तर भुसभुशीत माती हातात येते. इथली झीज वर्षाला सुमारे एक इंच आहे. पाऊस पडून गेल्यावर पिवळ्या टेकड्यांचा रंग असा उजळतो की पाहतच राहावे. पायवाट सोडून कुठेही भटकायला परवानगी आहे. हायवे जवळच आहे, त्यामुळे एका दिवसातही बरेच पाहून होते. गवे (बायसन) आणि रानमेंढे पाहायचे तर सेज क्रीकच्या कच्च्या रस्त्याला लागा. वाटेत प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्यांची, वसाहत लागते: बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभे राहून ते शिट्टीसारखे ओरडतात आणि शेजारचे पटापट आत गडप होतात.

नॉर्थ डकोटातले रूझवेल्ट त्या मानाने हिरवे. लिटल मिसुरी नदीकाठी कॉटनवुडची झाडी, आणि दगडी कोळशाचे थर जळून भाजलेली लाल माती. दक्षिण भागात रानटी घोडेही दिसतात. उत्तर भाग मात्र तिथून गाडीने तासाभराहून दूर, म्हणून मुक्काम हवाच.

प्राण्यांसाठी जाणार असाल तर मी रूझवेल्टच सांगेन. पहाटे निघा, आणि गवा रस्त्यात आला तर गाडीतून उतरू नका.