शेगडीकडे काळा ग्रॅनाइट, सिंककडे पांढरा क्वार्ट्झ: वापरानंतरचा अनुभव

सांगलीतल्या घरात एल आकाराचा ओटा करताना दोन्ही दगड लावले. उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर ही विभागणी बरोबर वाटते.

क्वार्ट्झमध्ये वजनाने साधारण 90 टक्के दगडाचा चुरा, बाकी मुख्यतः रेझिन, म्हणजे तो चुरा बांधून ठेवणारं प्लास्टिक. 150 अंशांच्या पुढे रेझिन करपायला लागते आणि भाकरीचा तवा त्याहून कितीतरी तापलेला असतो. नुसता टेकवला तर पिवळट कडं उमटतं, ते घासून जात नाही. कुकरखालीही जाळी हवीच. ग्रॅनाइटला तव्याचं काही वाटत नाही, म्हणून शेगडीकडे तोच.

मग सिंककडे का नाही? बोअरच्या पाण्यामुळे. नळाभोवतीचे क्षाराचे पांढरे डाग काळ्यावर लांबून दिसतात, पांढऱ्यावर दिसतच नाहीत.

हळदीची धास्ती इथे सगळ्यांनाच. क्वार्ट्झवर ती आत मुरत नाही, पण वाळू देऊ नये. साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका, अल्कलीत हळद लाल होतेच. भरपूर पाण्याने पुसा. राहिलेली पिवळी झाक खिडकीच्या उन्हाने विरते. ब्लीच, कॉस्टिक मात्र लांब ठेवा, रेझिनची चमक उतरते.

ग्रॅनाइट घेताना दुकानातच पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ठिपका गडद झाला तर दगड पाणी पितोय, सीलर (छिद्रं बुजवणारा द्रव) लागणार. काळ्यात रंग चढवलेला मालही येतो. पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन घासा, फडकं काळं झालं की पुढचं दुकान गाठा.

दोन दगडांचा जोड हीच खरी डोकेदुखी. क्वार्ट्झ 15 किंवा 20 मिमीचा, ग्रॅनाइट बहुधा 17-18 मिमी. हा फरक खाली कडप्प्यावर भरून वरून समपातळी करायची आणि फटीत रंग जुळवलेलं इपॉक्सी भरायचं. पातळी चुकली तर पीठ तिथेच अडकतं. सिंकचं भोक काटकोनी कापू देऊ नका, भेग कोपऱ्यातूनच सुटते. आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोकं, मग कटर.

क्वार्ट्झचं कटिंग दुकानातच, पाणी सोडून करून घ्या. कोरड्या ग्राइंडरची सिलिका धूळ मिस्त्रीच्या फुप्फुसात जाते. त्याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या स्लॅबवर बंदी घातली.