थर्टी-ओ-सिक्स, थ्री-फिफ्टीन आणि दुनळी : केळीच्या रानातला वापरानंतरचा अनुभव

बंदुकीच्या कॅलिबरवर (नळीच्या आतल्या व्यासाच्या मापावर) मत देणाऱ्याने आधी आपली जमीन कशी आहे ते सांगावं. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. यावल तालुक्यात आमचं शेत दोन ठिकाणी आहे. खालचं तापीकडच्या सपाट काळ्या रानात, तिथे केळी. वरचं सातपुड्याच्या अगदी पायथ्याला, तिथे मका, हरभरा आणि पाणी पुरलं तर दादर (रब्बी ज्वारी). डुकरं दोन्हीकडे येतात. खाली टिश्यूची नवी रोपं कंदासकट उकरून टाकतात, ठिबकच्या नळ्या चावून फोडतात. वर मका दुधावर आला की एका रात्रीत पट्टाच्या पट्टा आडवा.

शिकारीचा शौक म्हणून हे लिहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसा शौक आपल्याकडे करता येत नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं. आमच्याकडे होतं ते असं : नुकसानीचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, लेखी परवानगी हातात आली की त्या मुदतीत, त्या गटात, तेवढ्याच जनावरांसाठी. जनावर पडलं की खबर द्यायची, पंचनामा होतो, ते पुरलं किंवा जाळलं जातं. मांसाला हात लावायचा नाही. ज्याला हे सगळं जाचक वाटतं त्याने रायफल घेऊच नये.

वडिलांच्या मागे .३१५ (थ्री-फिफ्टीन) रायफल आणि बारा बोअरची दुनळी माझ्या परवान्यावर आली. मला .३०-०६ (थर्टी-ओ-सिक्स) रायफल हवी होती, वरच्या शेतासाठी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे एक सोडणं भाग होतं. .३१५ रीतसर मामेभावाच्या परवान्यावर चढवली. त्याचं शेत आमच्या बांधाला बांध लागून आहे, परवानगी निघाली की दोघं बरोबरच बसतो, म्हणून दोन्ही रायफलींची गोळी त्याच रानात, त्याच उजेडात रोज शेजारी शेजारी बघता आली. मका, मग हरभरा, मग पिलबाग (कापणीनंतर बुंध्याच्या पिलांवर धरलेली केळी), असा सगळा फेरा झाल्यावर हे लिहितोय.

आधी नव्या रायफलीचं. माझी .३०-०६ जुनी विलायती आहे, माउझर पद्धतीच्या बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा म्हणजे बोल्ट), एका परवानाधारकाकडून घेतलेली. नावातले .३० म्हणजे इंचात कॅलिबर आणि ०६ म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने हे काडतूस घेतलं ते साल. मी १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), टोकाला शिसं उघडं असलेली गोळी वापरतो. ती नळीतून सेकंदाला साधारण २७०० फुटांनी सुटते. वरच्या शेतात ही रायफल म्हणजे सोनं आहे. तिथे मक्याच्या पलीकडे डोंगराची चढण लगेच सुरू होते, डुकरं नाल्यातून वर येताना लांबून दिसतात, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. शंभर यार्डांवर जुळवलेली माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) दोनशेवर चार बोटं खाली मारते, बस. खांद्याच्या मागे बसलेली गोळी डुकराला दुसरं पाऊल टाकू देत नाही. जनावर जागेवर संपणं ही माझ्या लेखी पहिली अट आहे. जखमी डुक्कर मक्यात शिरलं तर सकाळी तिथे पाणी द्यायला जाणारा आपला सालदार असतो.

नावडतं काय, तेही तेवढंच स्पष्ट. एक तर आवाज. कानात बोळे न घालता एक बार काढला की संध्याकाळभर कान वाजत राहतो, आणि शेतातल्या राखणीच्या माळ्यावर पत्र्याखाली बसलेलं असेल तर विचारूच नका. धक्का मला सोसतो. मामेभाऊ अंगाने हडकुळा आहे, तो आता तिला हात लावत नाही. बोल्ट उचलताना जड जातो, कारण याच्यात घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, बोल्ट उघडतानाच चढतो. पण हे सगळं मी चालवून घेईन. चालवून घेता येत नाही ती तिची पोच. नळी थोडी वर राहिली आणि मध्ये काही आडवं आलं नाही तर ही गोळी तीन-चार किलोमीटर सहज जाते. खालच्या रानात एवढ्या अंतरात तीन वस्त्या, एक रस्ता आणि कितीतरी पंपघरं बसतात.

ही गोष्ट आकड्यांत वाचलेली होती, पण मला ती पटली ती कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरतानाच्या केळीच्या, लागवडीनंतरच्या एका संध्याकाळी. एक मोठा नर चारीच्या काठावर येऊन आडवा उभा राहिला. साठ-सत्तर पावलं, पूर्ण बाजू माझ्याकडे. मी माळ्यावर नव्हतो, जमिनीवर बांधाला टेकून बसलो होतो. माशीवर त्याचा खांदा बसला, चाप अर्धा दाबला गेला, आणि त्याच्या पाठीवरून केळीच्या दोन ओळींच्या फटीतून शेजाऱ्याच्या पंपघराचा पिवळा बल्ब दिसला. केळीचं खोड म्हणजे पाणी आणि पापुद्रे. ते .३०-०६ ला काय अडवणार? मी सेफ्टी लावली. डुकराने माझ्या डोळ्यांदेखत चार रोपं उपटली आणि सावकाश निघून गेलं. त्यानंतर खालच्या शेतात ही रायफल मी नेलेली नाही. रोप परत लावता येतं.

म्हणून माझी आवड-नावड आता एकाच प्रश्नावर येऊन थांबली आहे : गोळी जनावरातून निघाली, किंवा चुकली, तर ती कुठे थांबणार? याचं उत्तर चाप दाबायच्या आधी देता येत असेल तर ते कॅलिबर चांगलं, नाहीतर कितीही नावाजलेलं असो, आपल्या कामाचं नाही.

या कसोटीवर .३१५ माझ्या मनात पूर्वीपेक्षा वर गेली. आपल्याकडे हिला कमी लेखायची पद्धत पडली आहे. हिचं मूळ आहे ८×५० आर मॅनलिशर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं ऑस्ट्रियन सैन्याचं काडतूस. .३०३ सैन्याचं म्हणून सामान्य माणसाला बंद, आजही बंदच, तेव्हा ली-एन्फिल्डच्या धर्तीच्या रायफलीत हे काडतूस बसवून इछापूरच्या कारखान्याने .३१५ काढली आणि ती देशभर गेली. २४४ ग्रेनची जाड, जड गोळी, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. शंभर यार्डांवर जुळवली तर दोनशेवर चांगली वीतभर खाली येते, तिथे मात्र अंदाज चुकवून चालत नाही. पण केळीत दोनशे यार्ड दिसतंय कोणाला? शंभराच्या आत ही गोळी डुकराला ज्या वजनाने लागते त्यात मला .३०-०६ पेक्षा काही कमी जाणवलेलं नाही. धक्का ढकलल्यासारखा, झटका नाही. आणि माळ्यावरून खाली मारली की आमच्या काळ्या मातीत ती रुतून बसते. आम्ही उकरून काढून पाहिली आहे : पाऊस पडून गेलेल्या रानात .३१५ ची गोळी हातभर खोलीवर, पुढून मशरूमसारखी पसरलेली सापडली. .३०-०६ ची मात्र त्याच रानात फक्त बारीक तुकड्यांत मिळाली.

.३१५ घेणाऱ्या नव्या माणसाने एक गोष्ट हाताला शिकवून ठेवावी. हे काडतूस रिमचं आहे, बुडाला कडा असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. उलट बसली की कडेत कडा अडकते, बोल्ट अर्ध्यात थांबतो, आणि तेवढ्यात डुक्कर शिवार ओलांडून जातं. वडील काडतूस आत ढकलताना अंगठ्याने थोडं पुढे सरकवून मग सोडायचे. मामेभावाला मी तेच शिकवलं, दिवसाउजेडी, डमी काडतुसांवर, डोळे मिटून जमेपर्यंत. .३०-०६ ला कडा नसल्यामुळे ही भानगड नाही, हा तिचा खरा मोठा गुण आहे. हिचा बोल्ट मात्र वर सांगितल्याप्रमाणे जड आणि .३१५ चा हलका, कारण .३१५ मध्ये घोडा बोल्ट मिटताना चढतो. दुसरा बार पटकन काढायचा तर .३१५ च सरस.

केळीच्या आत, ओळींमध्ये, माझी पसंती दुनळीला. पिलबागेत पंधरा-वीस पावलांपलीकडे काही दिसतच नाही. तिथे रायफल कशाला? एका नळीत एलजी, दुसरीत एसजी. एलजीत मोजके मोठे छर्रे, एसजीत त्याहून लहान आणि थोडे जास्त. चाळीस पावलांपलीकडे दोन्ही मारू नयेत. छर्रे पसरतात, जोर उतरतो, आणि जनावर नुसतं जखमी होतं. तोच जोर उतरणं हा सपाट रानातला दुनळीचा सगळ्यात मोठा गुण आहे. चुकलेला छर्रा पुढच्या दोन-चार शेतांत पडून संपतो. त्याहून महत्त्वाचं, दहापैकी आठ वेळा बाराचा एक बार हवेत न काढता बांधाच्या मातीत काढला तरी कळप आठवडाभर तोंड दाखवत नाही. मला जनावर मारण्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

.२२ बद्दल लोक विचारतात, कारण ती एनसीसीत सगळ्यांनी हाताळलेली असते. मीही तिच्यावरच नेम शिकलो आणि नेम शिकण्यासाठी तिच्यासारखी रायफल नाही. चाळीस ग्रेनची गोळी, धक्का नावालाही नाही, चाप कसा ओढायचा ते तीच शिकवते. पण डुकरावर .२२ चालवणारा माणूस मला अजिबात आवडत नाही. चरबीच्या थराखाली गोळी बसते, डुक्कर पळतं, आणि दोन-तीन दिवस कुठेतरी नाल्यात कुजत मरतं. शिवाय ही इवलीशी गोळीसुद्धा दीड मैल जाते, खोक्यावर तसं छापलेलं असतं. वरच्या शेतातल्या गोट्यांवरून ती कुठे उसळेल याचा तर भरवसाच नाही.

.३७५ मॅग्नम मी चालवून पाहिलेली नाही, पाहायची इच्छाही नाही. १९१२ चं ते काडतूस आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी आहे, मक्यातल्या डुकरासाठी नाही. मन अडकलंय ते .२७५ रिग्बीत. एका जुन्या घरात ती फक्त हातात घ्यायला मिळाली. नाव इंग्रजी, पण काडतूस जर्मन, ७×५७ माउझर, १८९२ चं. धक्का कमी, गोळी सडपातळ, खांद्याला आल्याबरोबर माशी आपोआप डोळ्यासमोर. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना .२७५ च भेट मिळाली होती आणि रुद्रप्रयागचा बिबट्या १९२६ मध्ये त्यांनी तिनेच मारला. नेम आणि संयम असेल तर कॅलिबरचा आकडा मोठा लागत नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा मला नको. पण आज जळगावात तिच्या गोळ्या कुठून आणायच्या?

कारण शेवटी सगळं गोळीवर अडतं. .३१५ आणि बारा बोअरची काडतुसं जिल्ह्यात मिळतात, कधी उशिरा पण मिळतात. .३०-०६ साठी मला दर वेळी आधी फोनाफोनी आणि मग लांबचा प्रवास. भाव जवळजवळ मनाला लागेल असा. परिणामी मी सराव कमी करतो, आणि सराव नसलेल्या हातात भारी रायफल असणं मला पटत नाही. रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवाव्यात, हिशेब मागितला की लगेच दाखवता येतो.

आणखी एक त्रास सगळ्याच कॅलिबरना सारखा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं ठाण्यात जमा होतात, आणि नेमकी ती वेळ पिकाची असते. जमा करायच्या आधी नळी आतून तेलाने ओली करून द्या, बोल्टला ग्रीस लावा, परत आली की पहिला बार काढायच्या आधी नळीतून सुकं फडकं ओढा. .३०-०६ ची नळी या बाबतीत .३१५ पेक्षा नाजूक निघाली, आत गंजाचे बारीक ठिपके धरले होते आणि नेम डावीकडे सरकला होता. पुन्हा जुळवायला महागाच्या गोळ्या गेल्या.

तर माझा निर्णय असा. .३०-०६ ठेवतोय, पण फक्त वरच्या शेतासाठी, जिथे पाठीमागे डोंगर आहे. खाली दुनळी, आणि माळ्यावर मामेभावाची .३१५. ज्याच्या परवान्यावर एकाच रायफलीला जागा आहे आणि शेत तापीच्या सपाटीवर आहे, त्याने बिनदिक्कत .३१५ घ्यावी आणि उरलेल्या पैशात सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारं) बसवावं. कोणी थेट वीज तारेत सोडत असेल तर त्याला मात्र हात जोडून थांबवा, त्यात माणसंही मरतात. माळा दहा-बारा फूट उंच बांधा, तोंड वस्तीकडे नको, आणि बसायच्या जागेवरून दिवसा एकदा खाली उभं राहून बघा की प्रत्येक दिशेला तुमच्या नेमाच्या मागे काय आहे. आमच्या माळ्यावरून तीन दिशा चालतात, चौथी नाही. त्या बाजूला आम्ही आडवा बांबू बांधून ठेवलाय, नळी तिकडे फिरतच नाही.