रॉयल कोपनहेगनची निळी ताटं: काही महिने रोजच्या वापरानंतर

रॉयल कोपनहेगन या डॅनिश पोर्सेलिन कारखान्याचा 'ब्लू फ्लूटेड प्लेन', म्हणजे डेन्मार्कमधला 'मुसेलमालेट', हा निळ्या नक्षीचा जेवणाचा सेट कपाटात शोभेला ठेवू नका. तो रोजच्या जेवणासाठी आहे आणि रोजच्या जेवणात टिकतो. कोबाल्टची निळी नक्षी हाताने, ब्रशने काढतात, वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवतात आणि सुमारे १४०० अंशांना भाजतात. रंग ग्लेझखाली असल्यामुळे घासून जात नाही. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही चालतात. त्याच कारखान्याच्या सोनेरी काठाच्या 'फ्लोरा डानिका'ला दोन्ही वर्ज्य, कारण सोनं ग्लेझच्या वर असतं.

हळदीची भीती नको. ग्लेझ शाबूत असेल तोवर रश्श्याचा डाग धुऊन जातो. टवका उडालेल्या खडबडीत जागी मात्र पिवळेपणा अडकून बसतो. ताटाच्या पन्हळींमध्ये तेल राहतं, तिथे गरम पाणी आणि मऊ ब्रश लागतो. ताटावर करड्या रेघा दिसल्या की ओरखडे समजून हळहळू नका. बहुतेक वेळा ते चमच्याचं स्टील असतं. खायच्या सोड्याची ओलसर पेस्ट मऊ फडक्याने हलकेच चोळली की निघतं. तारेची घासणी वापरलीत तर ग्लेझ निस्तेज होतं आणि स्टील आणखीच चिकटतं.

खरे ओरखडे पडतात ते रचून ठेवताना. बुडाच्या कडेला ग्लेझ नसतं, ती खरखरीत असते. ताट ओढू नका, उचला; दोन ताटांमध्ये फेल्टचं मऊ कापड घाला.

कारखाना १७७५ चा, राणी युलियाने मारीच्या पाठबळाने उभा राहिलेला, आणि ही त्याची पहिलीच नक्षी. याच नक्षीच्या 'हाफ लेस', 'फुल लेस' या जाळीदार प्रकारांत ब्रशकाम वाढतं तशी किंमत आणि यजमानांचा तोराही. तरी डॅनिश घरांतली मला सर्वांत आवडणारी रीत साध्या 'प्लेन'ची: एकेक नग भेट मिळतो, आजीच्या ताटाशेजारी नवं ताट मांडलं जातं, निळ्या छटा जुळत नाहीत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. म्हणून अख्खा सेट एकदम घ्यायची गरजच नाही.

जुना माल घेताना ताट उलटं करा. कारखान्याच्या तीन लाटांच्या खुणेवर आडवा ओरखडा असेल तर तो दुय्यम प्रतीचा नग. भावही तसाच हवा. काठावरून बोट फिरवा, मग नखाने टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर घ्या, बद्द आवाज आला तर बारीक तडा आहे. वाट्या ताटातच मांडणार असाल तर २७ सेंमीचंच घ्या, २२ मध्ये भाताला जागा उरत नाही.