कॅनडाचा चरित्रकोश: फुकट, भरवशाचा आणि वाचत बसावा असा

'डिक्शनरी ऑफ कॅनेडियन बायोग्राफी' हा कॅनडाचा चरित्रकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. टोरोंटो आणि लावाल ही दोन विद्यापीठं मिळून तो चालवतात. पहिला खंड १९६६ साली निघाला. प्रत्येक लेख इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये आहे, आणि प्रत्येकाखाली लिहिणाऱ्याचं नाव आहे. मुलगी ओटावाला असते म्हणून मी तिकडचा इतिहास वाचायला घेतला. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली, त्यामुळे आधी पत्रकारांचीच नावं शोधली. थॉमस डार्सी मगी या आयरिश वंशाच्या पत्रकार-पुढाऱ्यावरच्या लेखापाशी मी अडकले ती अडकलेच.

मगीचा जन्म १८२५ चा, आयर्लंडमधल्या कार्लिंगफर्डचा. सतराव्या वर्षी तो अमेरिकेत आला, बोस्टनच्या 'पायलट' या आयरिश साप्ताहिकात लागला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याचा संपादक झाला. या वयात आमच्याकडे पोरं तारांच्या बातम्या लावायला शिकत असत! पुढे तो डब्लिनला परतला आणि चार्ल्स गॅव्हन डफीच्या 'नेशन' या पत्रात लिहू लागला. तेव्हा देशात बटाट्याचा दुष्काळ पडलेला होता. इंग्रजांविरुद्धच्या १८४८ च्या बंडात तो सामील होता. ते फसल्यावर पाद्र्याचा वेश करून निसटला आणि पुन्हा अमेरिका गाठली. न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं पत्र काढलं, बंड फसल्याचा दोष त्यात धर्मगुरूंवर ठेवला, आणि बिशप ह्यूजेसचा रोष ओढवून घेतला. ते पत्र टिकलं नाही. मग 'अमेरिकन केल्ट' काढलं, आणि तोवर हाच माणूस चर्चचा कट्टर कैवारी झाला होता.

इथे घाईत वाचणारा म्हणेल, बदलला, पलटी मारली. मला तसं वाटत नाही. अमेरिकेतल्या शहरांत कॅथलिक आयरिशांची काय गत होते ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्याविरुद्ध तिथे राजकीय पक्षच उभा राहिला होता. त्या मानाने कॅनडात कॅथलिकांना स्वतःच्या शाळा होत्या. १८५७ मध्ये माँट्रियलच्या आयरिश मंडळींच्या बोलावण्यावरून तो तिकडे गेला, 'न्यू एरा' नावाचं पत्र सुरू केलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी निवडून आला. संपादकाच्या खुर्चीतून सभागृहात जायला त्याला वर्षही लागलं नाही. पुढची मंत्रिपदं, वसाहती जोडून कॅनडा हा नवा देश घडवण्यासाठी भरलेल्या १८६४ च्या शार्लटटाउन आणि क्विबेकच्या परिषदा हे सगळं लेखात आहेच. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: नव्या देशात अल्पसंख्याकांच्या शाळांना संरक्षण हवं, हे त्याने लावून धरलं. बंडखोराने राज्यघटनेच्या कलमांवर जीव लावावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

१८६५ मध्ये तो वेक्सफर्डला, लहानपणीच्या गावी गेला आणि भर सभेत आपल्याच तरुणपणीच्या बंडखोरीला वेडेपणा म्हणाला. कॅनडावर चाल करून इंग्रजांना नमवू पाहणाऱ्या फेनियन या आयरिश क्रांतिकारकांचा तो त्यानंतर कायमचा शत्रू झाला. माँट्रियलमध्येही त्याची अनेक माणसं तुटली. १८६७ ची निवडणूक त्याने जेमतेम जिंकली, आणि नव्या देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळात तर त्याला जागाच मिळाली नाही.

७ एप्रिल १८६८. सभागृहाची बैठक मध्यरात्रीनंतर संपली होती. मगी स्पार्क्स स्ट्रीटवरच्या आपल्या खाणावळवजा बिऱ्हाडी पोहोचला, किल्लीने दार उघडायला वाकला आणि मागून गोळी आली. त्रेचाळिसावं वर्ष पुरं व्हायला सहा दिवस होते. माँट्रियलमध्ये त्याची अंत्ययात्रा १३ एप्रिलला, त्याच्या वाढदिवशीच निघाली.

आता या कोशाची जी रचना मला सगळ्यात आवडली ती सांगते. आपल्याकडे चित्रावशास्त्रींचा चरित्रकोश प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन असा काळाप्रमाणे विभागलेला आहे. इथे खंड लावलेत ते मृत्यूच्या सालाप्रमाणे. नवव्या खंडात १८६१ ते १८७० या काळात वारलेली माणसं आहेत. त्यामुळे मगी आणि त्याच्या खुनासाठी फासावर गेलेला शिंपी पॅट्रिक जेम्स व्हेलन एकाच खंडात येतात. व्हेलनला ११ फेब्रुवारी १८६९ रोजी ओटावाच्या तुरुंगात फाशी दिलं. शेवटपर्यंत तो आपण निर्दोष असल्याचं सांगत होता. खटल्याच्या वेळी पंतप्रधान मॅकडोनाल्ड, म्हणजे मगीचा मित्र, न्यायालयात हजर होता! मारला गेलेला आणि ज्याच्यावर आळ आला तो, दोघांनाही स्वतंत्र लेख आहे. मगीचा वाचल्यावर व्हेलनचा वाचल्याशिवाय उठू नका. त्याच्या अपराधाबद्दल शंका अजून मिटलेली नाही.

भाषा अभ्यासकांची आहे, परिच्छेद भरगच्च आहेत. शाळकरी मुलांच्या प्रकल्पासाठी शोधत असाल तर आधी स्वतः वाचून मुलांना सांगा. वाचताना शेजारी आयर्लंड आणि क्विबेकचे नकाशे उघडे ठेवा, खूप सोपं जातं. लेखाखालची संदर्भसूची मात्र टाळू नका. डेस्कवर काम केलेल्या माणसाला तिची किंमत वेगळी सांगायला नको.

एका माणसासाठी मात्र दुसरीकडे जावं लागेल. मगीचा 'नेशन'मधला संपादक गॅव्हन डफी पुढे ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८७१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीचा प्रीमियर झाला. त्याचं चरित्र 'ऑस्ट्रेलियन डिक्शनरी ऑफ बायोग्राफी'मध्ये आहे. तो कोशही इंटरनेटवर फुकट आहे.